एकाचो कौल

मालवणकडचा माणूस लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही ताट घेऊन बसला असाल. आता सुरमईची तुकडी येईल, मागून सोलकढी, मग किल्ला, मग होडी, आणि शेवटी माडाखालचं भूत. तर उठा, हात धुवा. ह्यात मासा नाही. माड आहे एक, पण तो पहिल्याच पानावर मरतो. ही गोष्ट कार्डाची आहे. लग्नाच्या नाही, रेशनच्याही नाही. कॉम्प्युटरच्या पाठीमागे नेटची वायर खुपसायचं जे भोक असतं, ते मेलं तर त्याच्या जागी जे लावतात, ते कार्ड. आता तुमच्यातले अर्धे गेले असतील. राहिलेत ते एकतर फार सज्जन आहेत, नाहीतर त्यांचंही नेट गेलंय.

शेवट गोड असेल अशी आशा कोणी धरून बसलं असेल तर तीही आत्ताच खाली ठेवा. हात मोकळे राहतील.

आमच्या गावात, कुडाळ रस्त्यापासून जरा आत, सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. 'होता' लिहिलं, म्हणजे गोष्ट इथेच फुटली. असू दे. आधी तिथे टाइपिंग शिकवायचे. गावातल्या निम्म्या लोकांच्या नोकऱ्या त्या टकटकीवर लागल्या. मग टाइपरायटर भंगारात गेले आणि सरांनी मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेली आठ मशिनं आणली. बारके, आडवे डबे. ऑफिसात टेबलावर ठेवून वर स्क्रीन ठेवतात, तसले. काजूच्या बिया ठेवायच्या खोलीत ती मांडली, भिंतीला चुना काढला आणि क्लास चालू झाला.

मी तिथेच शिकलो. शिकून झाल्यावर सर म्हणाले, "नोकरी लागासर बस हय." बसलो. अजून लागतेय. सकाळी पोरांना टाइपिंग द्यायचं, दुपारी मशिनं पुसायची, आणि उरलेल्या वेळात नकला करायच्या. सरांची करायचो, देवळातल्या गुरवाची करायचो, कुडाळ स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्याची करायचो. पण माझी सगळ्यात गाजलेली नक्कल यूपीएसची. लाइट गेली की ते कसं टीं, टीं करतं, तस्सं. मी कोपऱ्यात तोंड फिरवून टीं केलं की आठही पोरं घाबरून सेव्ह दाबायची आणि सर आतल्या घरातून लुंगी सावरत धावत यायचे. मग मला शिव्या, आणि त्या शिव्यांचीही नक्कल दुसऱ्या दिवशी.

तर नवरात्र संपता संपता, पाऊस जायच्या वाटेवर असताना, क्लासच्या मागच्या माडावर वीज पडली. माड उभ्याउभ्या जळला. काकू, म्हणजे सरांची बायको, म्हणाली, "माडान आपल्यार घेतल्यान. नायतर घरार येय होती." बरोबरच होतं. पण थोडी वीज माडाला जास्त झाली असावी. ती वायरीतून क्लासमध्ये आली, आठही वायरी जिथे जोडतात तो नेटचा स्विच काळा केला, आणि आठही मशिनांची नेटची भोकं मारून गेली. मशिनं जिवंत. स्क्रीन लागतोय, टाइप होतंय, प्रिंट येतेय. फक्त बाहेरच्या जगाशी बोलणं बंद. सर म्हणाले, "पक्षाघात झालो रे सगळ्यांका."

एरवी चाललं असतं. टाइप करायला नेट कशाला लागतं? पण आता परीक्षाही नेटवरच होते. आणि त्याच वर्षी परीक्षेच्या मंडळाने कळवलं होतं, की दिवाळीनंतर तपासणीला एक मॅडम येऊन बघणार. सगळी मशिनं एकाच वेळी नेटवर चालली तर परीक्षेचं केंद्र सरांकडे राहणार. नाही चालली तर केंद्र कुडाळला. आणि केंद्र कुडाळला गेलं की पोरंही कुडाळला. परीक्षा तिथे द्यायची आणि शिकायचं इथे, एवढं प्रेम कोणाचं कोणावर नसतं.

सरांकडे दुसरं काही नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली. काजूची झाडं होती, ती भावांनी वाटून घेतली. हे आठ डबे आणि दारावरची पाटी.

आम्ही त्यातला एक डबा जुन्या चादरीत गुंडाळला आणि एसटीने कणकवलीला नेला. सरांनी मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "बाळाचा तिकीट काढूक व्हया." सर म्हणाले, "बाळ बारा वर्सापेक्षा मोठा आसा, फुल लागात." एवढा एकच विनोद सरांनी त्या दिवसांत केला, म्हणून लक्षात आहे.

कणकवलीचा दुकानदार सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने डबा खोलला आणि आत बघून म्हणाला, "सर, ह्या मशिनी खंयसून काढल्यात? माझ्या लग्नाच्या आदल्या."

"चलतत मां पण," सर म्हणाले. "तुझा लग्न चलता मां?"

"ता इचारू नकात."

मग त्याने काचेवर तीन वस्तू मांडल्या. पहिलं कार्ड, आत बसवायचं, तळहाताएवढं हिरवं. "ह्या सगळ्यांत बरा. पण सर, तुमच्या मशिनीत खाच जुनी आसा, लांब, पांढरी. त्या खाचेचा कार्ड आता येणा नाय. माझ्याकडे जुनी दोन-तीन असतीत. आणि तेंची पत्री उंच, तुमचो डबो बारको. पत्री कापूक लागतली." दुसरी वस्तू, बोटभर वायरीची. एक टोक यूएसबीत, दुसऱ्या टोकाला नेटची वायर. "ह्यो चांगलो. पण महाग. आणि नवी वायर व्हयी, नवो स्विच व्हयो." आणि तिसरी वस्तू काजूच्या बीएवढी. "ह्यो वायफायचो डोंगल. डबो खोलूक नको, वायर नको, स्विच नको. पाठसून खुपसलो, झाला." आणि तिन्हींत स्वस्त.

मी म्हटलं, "सर, वायरीचा बघूया काय? वायर ती वायर."

"वायर उंदरांका घालूची?" सर म्हणाले. तेही खरं होतं. आधीची वायर विजेच्या आधी उंदरांनीच दोनदा खाल्ली होती. त्या खोलीत काजू नसले तरी उंदरांना जुन्या आठवणी होत्या.

सर ती बी उचलायचे, खाली ठेवायचे, परत उचलायचे. "ह्यो चलात मां?"

"एक घेवन जावा," दुकानदार म्हणाला. "लावन बघा. चललो तर फोन करा, बाकीचे मागवतंय."

आमच्याकडे सगळं असंच घेतात. एक आंबा कापून चाखायचा आणि पेटी उचलायची. पहिला गोड लागला की खालचे सगळे गोड, असं धरून चालायचं. पेटीवाल्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून वरचा आंबा तो स्वतःच्या हाताने देतो. हा दुकानदार तसा नव्हता. तो खरंच सरांच्या भल्याचं बोलत होता. म्हणून तर कोणाला शंका आली नाही.

घरी येऊन मशीन आतल्या घरात, विजेतून वाचलेल्या वायफायच्या राउटरजवळ ठेवलं आणि डोंगल लावला. पुढची यूएसबीची भोकं खाऱ्या हवेने गंजलेली, त्यात जाईना. मागच्या एका भोकात गेला. त्याच्याबरोबर तो चालवायच्या प्रोग्रामची सीडी आली होती, हळदीकुंकवाच्या ताटलीएवढी, आणि सीडी चालणारं मशीन आठांत एकच. तिथून पेनड्राइव्हवर घेऊन ह्याच्यात घातली. संध्याकाळपर्यंत डोंगलचा निळा दिवा लागला. सरांनी बातम्यांचं पान उघडलं. उघडलं. परीक्षेचं पान उघडलं. तेही उघडलं. काकू दारातून बघत होती. म्हणाली, "इला?"

"इला," सर म्हणाले. पण चेहऱ्यावर काही आलं नाही. "आज इला. उद्या?"

तेव्हापासून सरांनी झोप सोडली. बाकीचे मागवायचे की नाही? मागवले आणि नाही चालले तर? वायरीचं घ्यायचं म्हटलं तर पैसा खंयचो? आत बसवायचं घ्यायचं तर ती जुनी दोन-तीन कार्डं, बाकीच्यांना काय? कुठूनही सुरू केलं तरी वाट येऊन त्याच भिंतीला लागायची. मी सांत्वनासाठी एकदा कुडाळ स्टँडच्या आवाजात पुकारलं, "वायरमार्गे जाणारी गाडी रद्द झालेली आहे." सर हसले नाहीत. तेव्हा मला समजलं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटी काकू म्हणाली, "इतक्या येरझारा घालण्यापरास देवाक इचारा."

बाहेरच्या माणसांना सांगायला हवं. आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. लग्न जमतंय का, विहीर कुठे खणू, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला. गुरव देवाच्या अंगावर भिजवलेल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प बसून बघतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सर कॉम्प्युटर शिकवणारे, पण त्याच गावचे. टाइपरायटर विकतानाही त्यांनी कौल लावला होता, आणि उजवा मिळाला होता.

सोमवारी गेलो. सर, काकू आणि मी. सरांनी मशिनाचा डोंगल काढून केळीच्या पानावर ठेवला. गुरवाने वाकून बघितलं.

"हेका काय म्हणतलंय?"

"डोंगल म्हण," सर म्हणाले.

"देवाक कळात मां?"

"तुका कळला?"

"नाय."

"मगे देवाचा काय घेवन बसलंस. घाल गाऱ्हाणा."

गुरवाने घसा साफ केला. त्याचा आवाज म्हणजे रिकाम्या विहिरीत घागर आपटावी तसा. "बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि आम्ही "व्हय म्हाराजा." "ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायांकडे इला आसा." "व्हय म्हाराजा." "तेच्या पोटावर इजेन पाय दिल्यान." "व्हय म्हाराजा." "आता ह्यो जो काय डोंगल तुझ्या म्होरं ठेवलेलो आसा, ह्यो चलतलो आसात, तर उजवो दी, आणि लेकराचा मन मोकळा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग सगळे कळ्यांकडे बघत बसलो. बाहेर एक बकरी ओरडली. मी ती नक्कल मनात टिपून ठेवली. आणि उजवी कळी पडली.

सरांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते कानाला लागले होते हे तेव्हाच दिसलं. घरी जाताना वाटेत ते माझ्याशी बोलले, पुढच्या बॅचचं बोलले, खिडकीला जाळी लावायचं बोलले. काकूने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काल घोरले. किती दिसांनी."

बाकीचे सात मागवले. ते यायला उशीर झाला, मॅडम यायच्या आदल्या दुपारी आले. मी एकेक मशिनात घातला, एकेकाला पेनड्राइव्हवरून शिकवला, एकेकाचा निळा दिवा लागला. जो लावला तो चालला. राउटर मी घरातून उचलून क्लासच्या मधोमध स्टुलावर आणून ठेवला होता, कारण चिऱ्याच्या भिंती जाड, त्यातून वायफाय काय, काकूची हाकही पलीकडे अर्धीच पोचते.

मग संध्याकाळी सर म्हणाले, "आता सगळी एकदम लाव."

लावली. पहिलं उघडलं, दुसरं उघडलं. तिसरं उघडताना पहिलं बसलं. पाचवं उठवलं तर दुसरं आणि तिसरं झोपलं. आठही स्क्रीनवर ते गोल फिरत होतं. एका मशिनावर पान आलं की सर तिकडे जायचे, तोवर ते गेलेलं असायचं आणि पाठीमागे दुसऱ्यावर यायचं. मी राउटर हलवला, स्टूल हलवलं, डोंगल डब्याच्या पाठीमागून काढून वायरीने वर टांगला. काहीच नाही. समजलं मला. एकटा डोंगल असेल तर तो बोलतो आणि राउटर ऐकतो. आठ जण असले की एका खोलीत आठ मालवणी. सगळे एकदम बोलतात, सगळ्यांचं म्हणणं महत्त्वाचं, आणि कोण काय म्हणाला ते शेवटपर्यंत कोणाला कळत नाही. त्या काजूएवढ्या वस्तूत आवाज तरी केवढा असणार.

तेवढ्यात टीं झालं. सर वळून म्हणाले, "आता नको रे."

"मी नाय सर," मी म्हटलं. "ह्यो खरोच."

लाइट गेली होती. आली लगेच. आम्ही पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मी म्हटलं, "सर, मॅडमांका फोन करून चार दिवस मागूया? तोवर वायरीचा बघू."

"वायरीचा खंयसून बघतलंस?" सर म्हणाले. मग खुर्चीत बसून, अगदी शांतपणे, "उजवो दिलेलो आसा. उद्या चलतले."

मी यूपीएस बंद केलं आणि स्टूल परत मधोमध आणून ठेवलं.

मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्याच. सरांनी त्यांना कोकम सरबत दिलं आणि ऑफिसातलं मराठी सुरू केलं. "या मॅडम, बसा. आमच्या इथे सर्व व्यवस्था आहे." सरांचं हे मराठी म्हणजे इस्त्रीचा शर्ट. सणावारी घालायचे, आणि कॉलर टोचायची.

पोरं बसली. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनी एकाच वेळी पान उघडा." पोरांनी दाबलं. गोल फिरायला लागलं.

"येतंय, येतंय," सर म्हणाले. "जरा सकाळच्या वेळी मंद असतं."

तीन मशिनांवर आलं. तीनच आली म्हणून मॅडमनी लगेच नापास केलं नाही, मान हलवून थांबल्या. मग त्यांतलं एक गेलं आणि कोपऱ्यातलं आलं. सर कोपऱ्याकडे धावले. "हे बघा, हे आलं." मॅडम तिकडे वळेपर्यंत ते गेलं. एक पोरगी रडकुंडीला आली, तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. सर तिला म्हणाले, "तुझा काय नाय गो," आणि शर्टाची इस्त्री मोडली.

मॅडम वाईट नव्हत्या. बराच वेळ थांबल्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावून बघू दिलं. शेवटी म्हणाल्या, "सर, एकेक चालतंय ते मी बघितलं. पण परीक्षा सगळ्यांची एकदम असते ना." सर म्हणाले, "बरोबर आहे." परत म्हणाले, "बरोबर आहे." मॅडम सरबताचा ग्लास स्वतः उचलून आत काकूकडे देऊन गेल्या.

केंद्र कुडाळला गेलं. पोरं दोन-दोन करून गेली, जाताना पाया पडून. मी म्हटलं, आता वायर घालू, पुढच्या वर्षी परत मागू. सर म्हणाले, "पुढच्या वर्साक ह्या मशिनीच चलचे नाय." तेही खरं होतं. त्यांची विंडोज जुनी, परीक्षेचं नवं पान त्यांच्यावर उघडेनासं होणार असं मॅडमच सांगून गेल्या होत्या. म्हणजे वायर घातली असती, महागातलं घेतलं असतं, तरी एक वर्ष मिळालं असतं. मिळालं असतं का, तेही कोणी सांगावं.

एका संध्याकाळी मी गेलो तर सर एकेका मशिनाच्या पाठीमागून डोंगल उपटत होते आणि बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकत होते. टण. थोडा वेळ काही नाही. मग परत टण. मी खुर्चीत बसलो. मला शांतता सोसत नाही. घरातही कोणी गप्प झालं की मी कोणाचा ना कोणाचा आवाज काढतो. तर मी डब्यातला एक डोंगल उचलून तळहातावर ठेवला, घसा साफ केला आणि गुरवाच्या विहिरीतल्या आवाजात सुरू झालो.

"बा देवा म्हाराजा, तुझी काय चूक नाय. ह्यो चलतलो काय इचारलो, तू ह्यो चलतलो सांगलंस. आणि ह्यो चललोही. आठांचा तुका कोणी इचारलानच नाय रे म्हाराजा."

सर थांबले. मग हसले. खरंच हसले, पोट हलवून, मॅडम येऊन गेल्यापासून पहिल्यांदा. मला बरं वाटलं. सर म्हणाले, "खरा आसा रे. ह्यो म्हटला. हे म्हणाक व्हया होता." ते पुन्हा हसले, थोडं कमी. "मिया एकच घेवन गेलंय. एकच पानार ठेवलंय." मग त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि झाकण लावायचं विसरून नुसते बघत बसले. त्यानंतर टण झालं नाही. उरलेले डोंगल मशिनांतच राहिले. सर डबा टेबलावर ठेवून उठले आणि मागच्या अंगणात गेले, जिथे जळक्या माडाचं खोड आहे.

काकू चुलीकडून येऊन कधीची दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हातात पळी होती.

"मेल्या, तुझ्या तोंडाक काय दार नाय? हसले ते दिसले तुका? एकच इचारलेलो ह्या माका म्हायत नव्हता? गुरवाक म्हायत नव्हता? त्या दिसापासून म्हायत आसा. आम्ही कोण बोललो? देवान सांगल्यान आणि झाला नाय, असा म्हटला की माणूस रातचो निजता. ते निजत होते. सगळा गेला तरी निजत होते. आता बघ, सकाळसर पंख्याकडे बघीत ऱ्हवतले, माझाच चुकला, माझाच चुकला करीत. देवाच्या खांद्यार होता, ता तू उचललंस आणि तेंच्या खांद्यार नेवन ठेवलंस. मोठो नकल्या इलो. गुरवाचो आवाज काढतंस, सरांचो काढतंस, त्या टीं टीं करणाऱ्या डब्याचो काढतंस. गप रवणाऱ्या माणसाचो आवाज काढूक येता काय तुका? तो शिक आधी. आणि खुर्चेर काय बसलंस, ऊठ. तो हातातलो डोंगल डब्यात टाक. जाताना दार ओढून घे, मांजर येता."